नावाड्याचे ‘नक्को’



सहलीचा विषय निघाला की आमच्या धर्मग्रामात हटकून दोन पक्ष पडतात. तरुण मंडळीस पाणी हवे असते व वडीलधाऱ्यांस देऊळ. गेल्या जानेवारीत मात्र नवल घडले आणि दोन्ही पक्षांनी एकाच शहराचे नाव घेतले. ते शहर म्हणजे हैद्राबाद.

वडीलधाऱ्यांचे कारण जुने होते. आम्हा मराठवाड्यातील लोकांस हैद्राबाद हा परका मुलूख नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता, आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यास जोडला जाईपर्यंत आमची राजधानी हैद्राबादच होती. ज्यांचे आजे-पणजे दाव्याच्या तारखांस तिकडे जात आणि हाली सिक्क्याचे रुपये कमरेस बांधून परत येत, त्यांनी त्या शहराचे वर्णन चुलीपुढे बसून ऐकले होते. डोळ्यांनी मात्र ते कधी पाहिले नव्हते. तरुणांचे कारण याहून सोपे. हुसेनसागर तलावात नावेतून फिरता येते, एवढे त्यांस ठाऊक होते व तेवढे त्यांस पुरे होते.

लेकुरवाळ्या बायका, शाळकरी मुले व म्हातारी माणसे धरून आम्ही ४३ जण रात्रीच्या गाडीने निघालो. रविवारी सकाळी गनफाउंड्री भागातील संत योसेफाच्या महामंदिरात पवित्र मिस्सा ऐकली. तेथे मायकेल अँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पाची प्रतिकृती आहे. मृत पुत्राचा देह मांडीवर घेतलेली पवित्र माता. आमच्यातील एक सत्तरी ओलांडलेल्या आजी त्या मूर्तीपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की त्यांस हाक मारून बोलवावे लागले. दुपारी चारमिनार झाला, बांगड्यांची खरेदी झाली, आणि उन्हे कलताच पोरांनी आमच्या झग्यास धरून आम्हांस हुसेनसागराकडे नेले.

हा तलाव हैद्राबाद शहराहूनही वडील आहे. चारमिनार व शहर यांची स्थापना १५९१ सालची. तलाव मात्र इब्राहीम कुतुबशहाच्या कारकिर्दीत १५६२ च्या सुमारास हुसेनशाह वली यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. मूसी नदीस मिळणाऱ्या एका लहान प्रवाहास बांध घालून पाणी अडविले, आणि त्याच बांधावरून पुढे हैद्राबाद व सिकंदराबाद ही जुळी शहरे जोडणारा रस्ता झाला. मूसीच्या १९०८ च्या महापुरानंतर उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. तत्पूर्वी शहर याच तलावाचे पाणी पीत असे. आज ते पाणी कोणी ओठास लावणार नाही. ज्या नाल्यांनी पूर्वी पावसाचे पाणी येई, त्यांनीच पुढे वाढत्या शहराचे सांडपाणी येऊ लागले. काठाशी पोहोचताच आमच्या काही बायकांनी नाकास पदर लावला तो त्यामुळेच. परंतु सायंकाळचा वारा सुटला, पाण्यावर सोनेरी ऊन पसरले, मध्यभागी भगवान बुद्धांची शुभ्र मूर्ती दिसू लागली, आणि पदर आपोआप खाली आले.

नावा ज्या बागेतून सुटतात ती लुंबिनी बाग. आत शिरताना आमच्याबरोबरचा अभियांत्रिकी शिकणारा एक तरुण एकाएकी थांबला व त्याने एक आठवण सांगितली. २५ ऑगस्ट २००७ रोजी सायंकाळी या बागेत व शहरातील गोकुळ चाट या उपाहारगृहात बॉम्बस्फोट झाले आणि ४२ माणसे प्राणास मुकली. त्यांत आपल्या शेजारच्या संगमनेरहून सहलीस आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही होते. आईबापांनी डबा बांधून दिलेली ती मुले! आम्ही सर्वांनी तेथेच उभे राहून मृतांसाठी मनात प्रार्थना केली. त्या दिवशीचे पाप दुष्टांचे होते. सहल नेणाऱ्यांचे त्यात काहीच चुकले नव्हते. तरीही त्या क्षणापासून आमच्या खांद्यावर काही ओझे बसल्यासारखे वाटू लागले. दुसऱ्यांची लेकरे घेऊन निघणे ही केवढी जबाबदारी असते, हे आम्ही त्या फाटकात उमजलो. आणि तरीही पुढच्या अर्ध्या तासात आम्ही काय केले ते ऐका.

धक्क्यावर यात्रेसारखी गर्दी होती. मिरचीच्या भज्यांचा वास, फुगेवाल्यांच्या पिपाण्या, तेलुगू, उर्दू, हिंदी व मराठी यांचा एकच कल्लोळ. एक नाव येई, माणसे ओती, दुसरी घेई व भोंगा वाजवून निघे. आमची पाळी आली. नावेवरचा नावाडी, पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ, प्रत्येकाच्या खांद्यास बोट लावून मोजीत होता; कडेवरचे मूलही तो मोजण्यातून सोडीत नव्हता. आमची ४१ माणसे आत गेली आणि त्याने साखळी लावली. आम्ही मागे वळून पाहतो तो त्या सत्तरीच्या आजी व त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू बाहेरच राहिलेले!

आम्ही झगा सावरीत साखळीपाशी गेलो. सांगितले की ही एकच मंडळी आहे, दोघांनाच मागे कसे ठेवावे? नावाडी म्हणाला, “नक्को, फादर साब. दो जने ज्यादा हो रए.” आम्ही म्हटले, अहो, एक तर पोर आहे आणि दुसरी म्हातारी, काडीसारखी. तो हसला व म्हणाला, “पानी को क्या मालूम, फादर साब, कौन दुबला, कौन मोटा?” आमच्या तरुणांनी आतून ओरडा केला, “दोनच तर माणसं आहेत! चला, चला!” मागच्या रांगेतूनही तोच सूर निघाला. लपवून काय उपयोग? आमच्या झग्याचा मान राखून हा मनुष्य नरम येईल, अशी आमची अपेक्षा होती. तो नरम येईना, तेव्हा आमचा आवाज चढला. दूरवरून आलेल्या पाहुण्यांशी ही कोणती रीत, असेही आम्ही बोलून गेलो. नावाड्याने आवाज चढविला नाही. नावेच्या कडेवर रंगविलेल्या आकड्याकडे त्याने बोट दाखविले व पुन्हा तोच शब्द उच्चारला, “नक्को.”

तोच आजी खुदकन हसल्या. “फादर,” त्या म्हणाल्या, “नक्को म्हणतोय तो. आपलाच शब्द हाय न्हवं? तेवढा तरी कळतो की आपल्याला!”

वाचकहो, आजींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. हैद्राबादची जी दख्खनी बोली, तिच्यातील हा ‘नक्को’ आपल्या मराठीच्या ‘नको’ पासूनच आलेला आहे. शेकडो वर्षे शेजारधर्म केल्यावर भाषा एकमेकींच्या घरून मीठमिरची आणावी तसे शब्द आणतात. आमच्याच घरचा शब्द एका परक्या माणसाने आमच्या हितासाठी आम्हांस परत दिला होता, आणि आम्हीच तो घेत नव्हतो!

आम्ही खाली उतरलो. आमच्या जागी आजींच्या नातवास बसविले. नावाड्याने पुन्हा बोट लावून मोजले, साखळी लावली. परंतु यंत्र सुरू करीना. आमच्याच एका तरुणाने छायाचित्र नीट यावे म्हणून लाइफ जॅकेट काढून मांडीवर घेतले होते. ते अंगात घालून पट्टे आवळून बांधीपर्यंत नाव हलली नाही. मग भोंगा वाजला आणि आमची मंडळी गात, हात हालवीत निघून गेली. धक्क्यावर आम्ही व आजी असे दोघेच उरलो.

पुढच्या नावेस वेळ होता. आम्ही अजून मनातून घुश्शातच होतो. आजी कठड्यावर बसल्या व पाण्याकडे पाहत बोलू लागल्या.

“आमचं गाव नाथसागरात गेलं, फादर, तुम्हाला ठाव हाय. वस्ती अल्याडला आली आन् रान ऱ्हायलं पल्याडला. मग जायचं कसं? गुऱ्हाळाची काहील घ्यायची आन् तिच्यात बसून जायचं. चार माणसं बसावीत एवढी काहील. त्या दिवशी बाजार होता. आम्ही सात जण बसलो. वल्हं माझ्या दिराच्या हातात. तो म्हणला, ‘वहिनी, नको, वारं सुटलंय. दोन खेपा करतो.’ आम्ही बाया हसलो त्याला. म्हणलं, गडी असून भितोय!”

त्या थांबल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “नणंद गेली माझी. लगीन होऊन सव्वा महिना झाला होता. दीर वाचला, पण पुन्हा पाण्याकडं गेला न्हाई तो, आन् माझ्याशीबी कधी नीट बोलला न्हाई. तवापासून कुणी नको म्हणलं की मी हसत न्हाई, फादर.”

पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली बसली व १९७६ साली ते राष्ट्रास अर्पण झाले. त्या पाण्याने आमच्या जिल्ह्याची शेते पिकली, हे खरे. परंतु त्या पाण्याने कोणाच्या घरी काय बुडविले याचा हिशेब प्रत्येक वस्तीवर वेगळा असतो. आम्ही या धर्मग्रामात येऊन कितीतरी वर्षे झाली. आजींच्या घरी कितीदा चहा घेतला. पण ही गोष्ट आम्हांस हैद्राबादच्या धक्क्यावर, एका अनोळखी माणसाने नकार दिला म्हणून कळली. सकाळी महामंदिरात त्या मूर्तीपुढे आजी का थबकल्या होत्या, तेही तेव्हाच ध्यानी आले. आमचा घुस्सा कोठल्या कोठे गेला.

दुसरी नाव आली. तिच्यात आम्ही दोघेच मराठी, बाकी सारे परके. पण परके किती वेळ राहणार? एक तेलुगू वऱ्हाड होते. नवरीच्या हातची मेंदी ताजी होती. एका मुसलमान कुटुंबातील पाच पोरे एकाच बाकावर दाटीवाटीने बसली होती. महाविद्यालयातील मुलांनी डफली आणली होती. नाव धक्क्यापासून सुटते न सुटते तोच डफली वाजू लागली व वऱ्हाडाने टाळ्यांचा ठेका धरला. तेलुगू आजीबाई व आमच्या आजी यांस एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी बोटे मोजून एकीने नातवंडे सहा असल्याचे सांगितले व दुसरीने नऊ. नऊ ऐकून तेलुगू आजीबाईंनी कपाळास हात लावला, आणि दोघीही हसत सुटल्या. शेजारून एक छोटी वेगवान नाव पाणी उडवीत गेली. आमची नाव डुलली, पोरे किंचाळली, आणि भीती ओसरताच ‘पुन्हा, पुन्हा!’ असा गलका झाला. पुढून मागून नावाच नावा. एकीतील लोक दुसरीतील लोकांस हात करीत. जणू सारे एकाच गावचे! बांधावर दिवे लागले आणि त्यांच्या लांबच लांब रेघा पाण्यात थरथरू लागल्या. आजी म्हणाल्या, “पाणी वंगाळ न्हाई, फादर. माणूस घाई करतं.”

मूर्तीच्या चौथऱ्यावर आमची मंडळी आमची वाट पाहत होती. आजींस पाहताच नातू धावत आला व मंडळीने असा जयघोष केला की आम्ही विलायतेहून परतलो असे कोणास वाटावे. मूर्ती सुमारे ५८ फूट उंच, एकाच पाषाणातून घडविलेली. न्यू यॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहून त्या वेळचे आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांच्या मनात असे काही आपल्या शहरात असावे हा विचार आला, आणि गणपती स्थपती यांच्या हाताखाली शिल्पकारांनी ती घडविली. शेकडो टनांची ती शिळा भुवनगिरीजवळच्या रायगीरहून शंभराहून अधिक चाकांच्या गाडीवरून शहरात सुखरूप आली. एवढी मोठी वाट सरली; उरले ते फक्त तलावाचे थोडेसे पाणी. १० मार्च १९९० रोजी मूर्ती तराफ्यावर चढवून नेऊ लागले. किनारा फार दूर गेला नव्हता तोच तराफा कलला व मूर्ती तळाशी गेली. तिच्याबरोबर काही माणसांचेही प्राण गेले. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ ती मूर्ती पाण्याखाली पडून होती. ती वर काढून डिसेंबर १९९२ मध्ये या खडकावर उभी केली.

हे सारे त्या रात्री मुक्कामी आम्ही मंडळीस सांगितले आणि मग आपली चूकही कबूल केली. कारण ज्या पाण्यात एवढे अनुभवी लोक व एवढी यंत्रे फसली, त्याच पाण्यावर आम्ही झग्याच्या जोरावर दोन माणसे अधिक चढवू पाहत होतो.

घरी आल्यावर आम्ही या विषयाची थोडी माहिती गोळा केली. ती आईबापांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवावी, म्हणून येथे देत आहोत.

नाव का उलटते? पहिले कारण ओझे. जितकी माणसे अधिक, तितकी नाव खोल बसते व पाण्यावर उरणारी तिची कड कमी होते. मग एरवी कडेस थडकून मागे फिरणारी लाट आत येऊ लागते. दुसरे कारण उभे राहणे. माणसे बसलेली असली की भार खाली राहतो व नाव स्थिर राहते. ती उभी राहिली की भार वर चढतो, आणि डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईसारखी नाव डगमगू लागते. तिसरे कारण एका अंगास धावणे. नाव थोडी कलली की माणसे घाबरून वा घसरून त्याच अंगास जातात, आणि मग सावरायला वेळ उरत नाही. केरळात थेक्कडीच्या जलाशयावर ३० सप्टेंबर २००९ रोजी वन्य पशू पाहण्यासाठी प्रवासी एका अंगास झुकले आणि दुमजली नाव उलटून ४५ माणसे गेली.

ज्या गोदामाईच्या काठी आपण राहतो, तीच पुढे आंध्रात पापिकोंडलू डोंगरांमधून वाहते. तेथे १५ सप्टेंबर २०१९ रोजी, नदीस पूर असताना, सहलीची नाव कच्चुलूरूजवळ बुडाली व चाळीसहून अधिक जीव गेले. त्यांत हैद्राबाद व वरंगळकडील कितीतरी कुटुंबे होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले व २ शिक्षिका मरण पावल्या. नावेत झेपतील त्याहून अधिक मुले बसविली होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते. वाचकहो, या प्रत्येक धक्क्यावर कोणी तरी एकाने ‘नको’ म्हणावयाचे होते. कोणी म्हटले नाही म्हणावे, की म्हणणाऱ्यास लोकांनी गप्प केले म्हणावे?

इटलीतील व्हेनिस शहराचे नाव आपण ऐकले असेल. तेथे रस्त्यांच्या ठिकाणी कालवे आहेत आणि त्यांत नावांची इतकी गर्दी की आपल्या बाजारातील बैलगाड्या बऱ्या! तेथील गोंडोला नावाच्या होडीत पूर्वी ६ प्रवासी बसवीत. २०२० साली नावाड्यांच्या संघटनेने ही संख्या ५ वर आणली. कारण विचाराल तर हसू येईल: जगभरचे प्रवासी पूर्वीपेक्षा वजनाने जड झाले आहेत, होडी खोल बसते व गर्दीच्या कालव्यात पाणी आत येते. एका माणसाचे भाडे सोडणे हे नावाड्यास सोपे नसते. तरी त्यांनी ते सोडले.

आणि आता आमच्या स्वतःच्या दारातील गोष्ट. २०२३ साली गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा येथील शाळकरी मुले नाथसागराचे फुगवट्याचे पाणी थर्मोकोलच्या तुकड्यांवर बसून ओलांडतात, ही बातमी वर्तमानपत्रांत आली व औरंगाबाद येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिची आपण होऊन दखल घेतली. ती बातमी वाचून आम्ही हळहळलो होतो, सरकारास बोल लावला होता. परंतु आमच्या धर्मग्रामाची एक वस्ती त्याच पाण्याच्या पलीकडे आहे, आणि नाताळच्या रात्री तेथील कुटुंबे अंधारात, थंडीत, पोराबाळांसह, एका जुन्या नावेत दाटीवाटीने बसून मध्यरात्रीच्या मिस्सेस येतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. एवढेच नव्हे, तर ‘नाताळच्या रात्री एकही घर मागे राहता कामा नये’ असे व्यासपीठावरून सांगणारे आम्हीच होतो. एका वर्षी नाव उशिरा आली, तेव्हा आम्ही त्या लोकांस चार शब्द सुनावलेही. वल्हे मारणारा बापडा दोन खेपा करू म्हणत असेल, आणि ‘फादर रागावतील’ म्हणून लोक एकाच खेपेत येत असतील. हुसेनसागरच्या धक्क्यावर आम्ही जे एकदा केले, ते येथे वर्षानुवर्षे करीत आलो होतो.

शुभवर्तमानात पेत्राच्या नावेची एक गोष्ट आहे. प्रभूच्या शब्दावरून जाळे टाकल्यावर इतकी मासळी लागली की जाळी फाटू लागली. तेव्हा पेत्राने काय केले? सारी मासळी एकाच नावेत कोंबण्याचा हट्ट धरला नाही. दुसऱ्या नावेतील सोबत्यांस खुणावून बोलाविले. तरीही दोन्ही नावा जड झाल्याच. ही गोष्ट आम्ही कित्येकदा उपदेशात सांगितली असेल, परंतु दुसऱ्या नावेकडे आमचे लक्ष आजवर गेले नव्हते. कृपा मोठी असेल तर नावही दुसरी लागते; खेपही दुसरी लागते.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांस आम्ही या पत्राच्या द्वारे कळवीत आहोत की येत्या नाताळास कोणीही रात्री पाणी ओलांडू नये. २४ डिसेंबरला दिवसाउजेडी आम्हीच डांबरी रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या वस्तीवर येऊ आणि सायंकाळची मिस्सा तेथे अर्पण करू. नंतर मध्यरात्रीची मिस्सा नेहमीप्रमाणे देवळात होईल. वळसा लांबचा आहे व आमची मोटारसायकल जुनी आहे, पण एका माणसाने कोरड्या रस्त्याने जावे हे साठ माणसांनी पाण्यावरून येण्यापेक्षा बरे. एरवीही जे नावेने ये-जा करतात, त्यांस आमचे सांगणे असे: नावाडी सांगेल तितकेच बसा, बसूनच राहा, लेकरांच्या अंगात बेताच्या मापाचे लाइफ जॅकेट घाला व पट्टे बांधा. मांडीखाली घेतलेले जॅकेट काही उपयोगाचे नाही. वाऱ्याचा रंग पाहून नावाडी ‘नको’ म्हणाला, तर त्यास हसू नका. त्याची एक खेप बुडाली म्हणून कोणी दोन रुपये अधिक दिले, तर ते पुण्यच आहे.

दुसरे दिवशी सकाळी हैद्राबाद सोडण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्या धक्क्यावर गेलो होतो. नावाडी नाव धूत होता. काल आपण वाद घातला ती चूक झाली, असे आम्ही त्यास सांगितले. त्याने ओले हात पुसले, आमचा हात हाती घेतला व म्हणाला की रोज दहा माणसे त्यास शिव्या देतात, परत येऊन बोलणारे आम्ही पहिलेच.

नाताळचा हा बेत आजींच्या कानावर घातला, तेव्हा त्यांनी थोडा विचार केला व म्हणाल्या, “मग करंज्याचा डबा माझ्याकडून घेऊन जा, फादर. पल्याडल्या पोरांना.” आम्ही म्हटले, मोटारसायकलीवर दोन डबे मावतील. आजी म्हणाल्या, “दोन नक्को. एकच न्या. नीट बांधून न्या.”